आधी गॅग पूर्ण होऊ दे, मग कट मार

पत्र आलंय फोंड्याहून. लांब आहे, म्हणून थोडं कापून देते:

"ताई, मला जुन्या कॉमेडी शॉर्ट फिल्म्सचं वेड आहे. चॅप्लिन, बस्टर कीटन, लॉरेल-हार्डी, थ्री स्टूजेस, सगळे. त्यांच्यावर डॉक्युमेंटरी करायची आहे, पण आधी एक फॅन-मेड ट्रेलर बनवलाय. दिवसा दुकानात असतो, रात्री एडिट करतो. चार मिनिटांचा झालाय, सत्तरेक क्लिप्स आहेत, मागे जोरदार बीट. जुन्या फिल्म्स फास्टच असतात म्हणून स्पीड अजून थोडा वाढवलाय आणि स्क्रीन भरावी म्हणून वरून-खालून क्रॉप केलंय. मित्र म्हणाले कडक. पण आजोबांना दाखवला तर ते एकदाही हसले नाहीत, म्हणाले 'कितें रे हें, काही दिसलंच नाही'. यूट्यूबवर टाकला तर लगेच कॉपीराइट क्लेम, फिल्म शंभर वर्षं जुनी असून! चवथीला आमच्या सार्वजनिक मंडळात पडद्यावर दाखवायचा आहे. काय कमी पडतंय? आणि सुरुवातीला इफ्फीच्या, म्हणजे पणजीच्या फिल्म फेस्टिव्हलच्या, फिल्म्सना असते तशी पानांची माळ टाकली तर चालेल का?"
— सिनेमावेडा, फोंडा

आरे बाबा, तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य आजोबांचं आहे आणि ते तू तक्रार म्हणून लिहिलंयस. मित्रांनी कटिंग बघितलं, आजोबा फिल्म बघायला बसले होते आणि त्यांना फिल्म दिसली नाही. सत्तर क्लिप्स चार मिनिटांत म्हणजे एका क्लिपला साडेतीन सेकंदसुद्धा येत नाहीत. साडेतीन सेकंदांत माणूस पडताना दिसतो, पण तो का पडला, पडायच्या आधी किती ऐटीत चालत होता, हे दिसत नाही, आणि हसू तर त्या ऐटीत असतं. नुसतं पडणं बघून कोण हसणार, उलट लागलं का रे असं विचारावंसं वाटतं.

चॅप्लिनची द पॉनशॉप तू बघितली असशीलच, १९१६ची. एक माणूस गजराचं घड्याळ गहाण ठेवायला आणतो. चार्ली ते हातात घेतो, डॉक्टरसारखा स्टेथोस्कोप लावून तपासतो, ठोकून बघतो, मग डबा फोडायच्या कटरने उघडतो, आतली सगळी चाकं-स्प्रिंगा बाहेर काढतो, आणि शेवटी तो सगळा कचरा त्या माणसाच्या टोपीत भरून मान हलवतो, नाही घेता येणार म्हणून. आता यातली कुठलीही तीन सेकंदं उचल, काहीच उरत नाही. ते इतकं हसवतं कारण तो माणूस समोर ढिम्म उभा आहे, चेहऱ्यावरची रेष हलत नाही, आणि आपण त्याच्याबरोबर वाट बघत उभे आहोत की आता तरी थांबेल, आता तरी थांबेल. ती वाट बघायची जागाच तू कापून टाकलीयस.

हे तुला परकं नाही रे. पेडण्याच्या बाजूला दशावतार बघितलायस ना, संकासूर येतो, एक वाक्य टाकतो आणि गप्प उभा राहतो. लोक हसतात, हसणं खाली येतं, मग तो पुढचं बोलतो. तो मधे गप्प राहिला नाही तर दुसरं वाक्य कुणाला ऐकूच येणार नाही. लॉरेल-हार्डींच्या बिग बिझनेसमधे, १९२९ची, तर अख्खी फिल्म अशा थांबण्यावर उभी आहे. हे दोघे ख्रिसमसची झाडं विकायला एका घरी जातात, घरमालकाशी वाजतं, तो यांचं काहीतरी मोडतो, मग हे त्याचं घर मोडतात, मग तो यांची गाडी. पण एकजण मोडत असताना दुसरा हात बांधून बघत उभा, आपली पाळी येईपर्यंत! ते उभं राहणं काढलंस तर उरते नुसती तोडफोड, आणि तुझ्या ट्रेलरमधे आत्ता तीच आहे.

म्हणून माझा सल्ला असा की तो चार मिनिटांचा टाइमलाइन डुप्लिकेट करून बाजूला ठेव, डिलीट करू नको, आणि नवीन टाइमलाइन रिकामी उघड. लांबी दीड मिनिट, फार तर एक पन्नास. त्यात पहिली पंचवीस-तीस सेकंदं एकच गॅग, म्हणजे एकच विनोदी प्रसंग, पूर्ण, जिथे मूळ फिल्ममधे कट आहे तिथेच कट. वर नाव नाही, लोगो नाही, 'प्रस्तुत' नाही, निवेदनाचा आवाजही नाही. बघणारा एकदा खरा हसला की पुढचं मिनिट तू त्याला काहीही सांग, तो ऐकतो. घड्याळाचा गॅग अख्खा घेशील तर लांब होईल, त्यापेक्षा ईझी स्ट्रीटमधला गॅसच्या दिव्याचा प्रसंग बघ, १९१७चा. गल्लीतला तो राक्षसासारखा गुंड आपली ताकद दाखवायला दिव्याचा खांबच वाकवतो आणि चार्ली पटकन त्याचं डोकं त्या दिव्यात कोंबून गॅस सोडतो. हा गॅग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते मॉनिटरवर नाही, हसण्यावर ठरव. आजोबांना अख्खी फिल्म दाखव, वही घेऊन बाजूला बस, ते जिथे हसतात तिथला टाइमकोड लिही. तुझा आउट पॉइंट, म्हणजे क्लिप जिथे संपते ती जागा, त्या हसण्याच्या जरा नंतर, आधी कधीच नाही. त्याच काळातला कॉमेडियन हॅरॉल्ड लॉइड हेच करायचा, फिल्म लोकांना आधी दाखवून ते कुठे हसतात, कुठे गप्प राहतात ते बघायचा आणि परत एडिटला बसायचा. तुझ्याकडे तर घरातच प्रेक्षक आहे आणि तो तोंडावर खरं सांगतो!

मधल्या तीस-चाळीस सेकंदांत डॉक्युमेंटरी कशाबद्दल आहे ते येऊ दे. इथे मला तुझ्या पत्रात मोठी फट दिसली. चार पानं लिहिलीस पण तुझी फिल्म नेमकं काय विचारते ते एका ओळीतही नाही. 'जुन्या कॉमेडी शॉर्ट फिल्म्स' हा विषय झाला रे, प्रश्न नाही झाला. प्रश्न कसा असतो सांगते. १९८३मधे केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी चॅप्लिनवर अननोन चॅप्लिन नावाची तीन भागांची मालिका केली, त्यात चॅप्लिनने टाकून दिलेले टेक्स वापरले, आणि प्रश्न एकच, हा माणूस गॅग शोधतो कसा? कागदावर न लिहिता, कॅमेऱ्यासमोर करून करून. बस, एवढ्यावर माणूस तीन भाग बघतो.

तुला हवा असेल तर एक धागा देते, मला स्वतःला तो फार आवडतो. लॉरेल-हार्डींची द बॅटल ऑफ द सेंच्युरी, १९२७ची, त्यात रस्त्यावर माणसं एकमेकांच्या तोंडावर क्रीमचे पाय, म्हणजे केकसारखा तो गोड पदार्थ, फेकतात आणि बघता बघता अख्खा रस्ता त्यात ओढला जातो. त्या फिल्मचं दुसरं रीळ, म्हणजे तोच भाग, पुढे हरवला. लोकांना तो माहीत राहिला कशामुळे, तर रॉबर्ट यंगसन नावाच्या माणसाने १९५७मधे जुन्या कॉमेडीचे तुकडे जोडून एक डॉक्युमेंटरी केली होती, त्यात त्याने त्या मारामारीचे तुकडे घेतले होते. कितीतरी वर्षं जगाकडे तेवढेच तुकडे होते. पूर्ण रीळ एका संग्राहकाला मिळालं ते थेट २०१५मधे. आता विचार कर, तू रात्री बसून जे करतोयस, जुन्या फिल्मचे तुकडे जोडणं, तेच काम त्या माणसाने केलं आणि त्यामुळे एक गोष्ट शिल्लक राहिली. 'तुकडे कोण सांभाळतं' हा प्रश्न घेऊन तू फिल्म करू शकतोस. किंवा साधा प्रश्न, शब्द नसलेली, शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्या देशात बनलेली फिल्म फोंड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठे हसवते आणि कुठे नाही. तसं असेल तर आजोबांचा चेहरा ट्रेलरमधे हवाच. खोलीत अंधार, टीव्हीचा उजेड त्यांच्या तोंडावर, मोबाईल स्टँडवर ठेवून शूट कर, त्यांना विचारून. सगळ्या जुन्या क्लिप्समधे एक आजचा चेहरा आला की कळतं ही फिल्म तुझी आहे.

तुझा तो बीटवाला फास्ट मॉन्ताज फेकू नको, त्यातली सगळ्यात भारी दहा-बारा सेकंदं इथे मधे बसतील. एक पूर्ण गॅग बघून झाल्यावर वेग चांगला वाटतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेग असेल तर तो वेग वाटतच नाही.

शेवटासाठी कीटनची वन वीक घे, १९२०ची. नवरा-बायकोने स्वतः जोडलेलं ते वाकडंतिकडं घर दुसऱ्या जागी ओढून नेताना रेल्वेच्या रुळावर अडकतं. गाडी येते, दोघं तोंड झाकतात, आणि गाडी बाजूच्या रुळावरून निघून जाते. हुश्श. आणि लगेच उलट्या बाजूने दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा. तुझ्या ट्रेलरचं नाव या दोन गाड्यांच्या मधे घाल. पहिली गाडी गेली, त्यांचा जीव भांड्यात पडला, कट, काळ्यावर फिल्मचं नाव, आणि मग दुसरी गाडी. फक्त एक सांभाळ, मूळ फिल्ममधे ती मधली फट अगदी छोटी आहे आणि तू ती ताणतोयस, तेव्हा नाव दोन सेकंदांच्या वर नको, नाहीतर लोकांना संपलं असं वाटून ते उठतील. ज्यांनी वन वीक बघितलीय त्यांना राग येईल का? येईल थोडा. पण मंडळातल्या शंभरातल्या नव्वदांनी ती बघितलेली नसणार आणि घरी जाऊन शोधतील, मला तरी ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता स्पीड. हे नीट वाच कारण इथे बरेच जण फसतात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम, कधी मुद्दाम कमी-जास्त, आणि आवाज आल्यावर प्रोजेक्टर २४ फ्रेमवर पक्के झाले. त्याच जुन्या फिल्म्स २४ वर चालवल्या की माणसं टुणटुण पळायला लागली, आणि 'जुन्या फिल्म्स फास्टच असतात' हा समज तिथूनच आला. हिशेब करून बघ, ३५ एमएमच्या हजार फुटांच्या एका रिळात १६००० फ्रेम्स. १६च्या वेगाने ते साधारण साडेसोळा मिनिटं चालेल, २४ने अकरा. एवढा फरक! कॉमेडीवाले काही ठिकाणी कॅमेरा मुद्दाम हळू फिरवून पाठलाग फास्ट करायचे हे खरं, पण कुठे किती ते त्यांनी ठरवलेलं. त्यावर तू परत स्पीड चढवलास तर मघाशी सांगितलेली ती ऐट, ते थांबणं, सगळं गेलं. तेव्हा सगळे स्पीड शंभर टक्क्यांवर आण, मग प्रत्येक क्लिपमधे मागून साधं चालणारा एखादा माणूस शोध. तो माणसासारखा चालत असेल तर हात लावू नको. फारच पळत असेल तर थोडं हळू कर, पण त्या वेळी सॉफ्टवेअरला फ्रेम ब्लेंड किंवा ऑप्टिकल फ्लो, म्हणजे मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने तयार करणं, करू देऊ नको, हातापायांना भुतं चिकटल्यासारखं दिसतं. फ्रेम रिपीट होऊ दे, म्हणजे रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमधला नीअरेस्ट पर्याय.

आणि क्रॉप काढ बाबा, आजच काढ! ही माणसं पायांनी अभिनय करायची आणि कॅमेरा डोक्यापासून बुटापर्यंत सगळं दिसेल असाच लावायची. वरून-खालून कापलंस तर कीटनची टोपी आणि चॅप्लिनचे बूट दोन्ही गेले, राहिलं काय? ४:३ राहू दे, बाजूच्या काळ्या पट्ट्या कुणाला टोचत नाहीत. एआयने चेहरे शार्प करणं, रंग भरणं तेही नको, चेहरा मेणाचा होतो आणि डोळ्यांतली ती बारीक हालचाल मरते. त्यापेक्षा चांगला सोर्स शोधण्यात एक संध्याकाळ घालव.

क्लेमचं असं आहे की फिल्म जुनी असली तरी तुझ्या फाइलमधलं संगीत जुनं नसणार. मूकपट होते ते, त्यांच्यावरचं पियानो किंवा ऑर्केस्ट्रा रिस्टोरेशन करताना नव्याने केलेलं असतं आणि त्याचे हक्क त्या संगीतकाराचे किंवा कंपनीचे. किंवा मग तुझा तो बीटच कुणाचा तरी असेल. यूट्यूब स्टुडिओमधे क्लेम उघडून बघ, कितव्या मिनिटाला काय जुळलं ते दिसतं. क्लेम म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनेलवरची कारवाई, नाही, घाबरू नको, पण खात्री नसताना डिस्प्यूटही टाकत बसू नको. आपल्याकडे फिल्मचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, अमेरिकेत त्या काळातल्या फिल्म्सना ९५ वर्षं. म्हणजे चॅप्लिनच्या १९१६-१७च्या म्युच्युअल कंपनीसाठी केलेल्या त्या बारा शॉर्ट्स, कीटनच्या १९२०च्या दशकातल्या, बिग बिझनेससुद्धा, सगळं मोकळं. पण द म्युझिक बॉक्स १९३२ची आहे, पियानो जिन्यावरून चढवण्याची, शॉर्ट कॉमेडीचं पहिलं ऑस्कर मिळालेली. अमेरिकेत तिची ९५ वर्षं अजून २०२७च्या शेवटाला संपतात, तोपर्यंत यूट्यूबवर सांभाळून. स्टूजेसचंही तेच. कोलंबिया कंपनीसाठी त्यांनी १९३४ ते १९५९ मधे १९० शॉर्ट्स केल्या, त्यातल्या चारच अमेरिकेत नूतनीकरण न झाल्यामुळे मोकळ्या झाल्या, डिसऑर्डर इन द कोर्ट त्यातली एक. स्टूजेसचा तुकडा हवाच असेल तर तिच्यातला घे. इंटरनेट अर्काईव्ह, विकिमीडिया कॉमन्स इथे शोध, पानावर हक्कांबद्दल काय लिहिलंय ते वाच, आणि कुठूनही घेतलंस तरी ऑडिओ ट्रॅक आधी म्यूट.

मग संगीत कुठलं? फोंड्यात राहून हा प्रश्न पडायलाच नको. चवथीला तुमच्याकडे घुमट आरती होतेच ना, घुमट, शामेळ, कासाळें वाजवणारी पोरं ओळखीची असतील. त्यांना टीव्हीसमोर बसव, ट्रेलर लाव आणि बघत बघत वाजवू दे. मूकपट थिएटरात असेच वाजायचे, पडद्याकडे बघून कुणीतरी पियानोवर. तुझं स्वतःचं रेकॉर्डिंग, क्लेमची भीती कमी, आणि असा ट्रेलर दुसरीकडे कुठे बनणार सांग! मात्र त्यांना एक सांग, पडण्यावर धूम वाजवायचं नाही. पडायच्या जरा आधी वाजणं थांबवायचं, लोकांना हसू द्यायचं आणि मग परत धरायचं. पहिल्या गॅगवर तर घुमट अगदी हळू, जवळजवळ नाहीच.

इफ्फीच्या माळेचं उत्तर नाही. ती माळ म्हणजे फिल्म तिथे निवडली गेली असा अर्थ होतो आणि तुझी फिल्म अजून बनायची आहे. नोव्हेंबरमधे पणजीत जे लोक येतात त्यांच्यातल्या कुणीतरी उद्या तुझी खरी फिल्म बघावी असं वाटत असेल तर आज खोटी माळ लावून नाव खराब करू नको. त्याऐवजी शेवटच्या कार्डावर सरळ लिही, 'एका चाहत्याने बनवलेला ट्रेलर', खाली वापरलेल्या प्रत्येक शॉर्टचं नाव आणि वर्ष, आणि घुमटवाल्या पोरांची नावं. 'लवकरच' लिहायचं असेल तर आधी महिना तरी ठरव.

मंडळात दाखवायचं त्याचं वेगळं बघावं लागेल. भाद्रपद आहे, पावसाचा भरवसा नाही, पत्र्यावर सर आली की स्पीकरवरचा आवाज गेलाच. म्हणून निवेदन असेल तर तेच मराठीत खाली लिहूनही दे, मोठ्या अक्षरांत, एका वेळी एक ओळ, मागच्या खुर्चीवरून वाचता येईल एवढं. आवाज मोनो एक्सपोर्ट कर, मंडळाचा एक स्पीकर हमखास बंद असतो आणि निम्मं संगीत त्याच बाजूला गेलेलं असतं. प्रोजेक्टरवर काळं करडं दिसतं, तेव्हा घरच्या टीव्हीवर बरं दिसतंय म्हणून खुश होऊ नको, आदल्या संध्याकाळी त्याच पडद्यावर, मखराची लायटिंग चालू ठेवून एकदा लावून बघ आणि गरज पडली तर ब्राइटनेस थोडा वर घेऊन परत एक्सपोर्ट मार. आरती संपल्यावर लगेच लाव, लोक प्रसादासाठी थांबलेले असतात तेव्हाच. आजोबांना पुढच्या रांगेत खुर्ची दे. आणि नवीन कट झाला की मला पाठव, वन वीकच्या दोन गाड्यांमधलं ते नाव कसं बसलंय ते मला बघायचं आहे.